पाटील, पण कुठले?



४ जून २०२४, लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. मी सांगलीत स्टँडजवळच्या एका चहाच्या गाड्यावर उभा होतो. शेजारच्या पोराच्या मोबाइलवर इंग्रजी बातमीची एक ओळ आली. त्यानं ती वाचली आणि लगेच सगळ्यांसाठी मराठी करून सांगितली, "सांगलीत पाटील आघाडीवर." बाकावर एक म्हातारबा बशीत चहा ओतून पीत होते. बशी ओठांजवळच ठेवून ते म्हणाले, "कुठलं पाटील रं?"

पोरगं पुन्हा मोबाइलमध्ये बघायला लागलं. ओळीत पुढं काहीच नव्हतं. रिंगणात प्रमुख उमेदवार तीन होते आणि तिघंही पाटील. भाजपचे संजयकाका पाटील, शिवसेनेच्या ठाकरे गटाचे डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटील आणि अपक्ष उभे राहिलेले विशाल पाटील. दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर 'विशाल' आलं तेव्हा म्हातारबांनी बशी खाली ठेवली. "म्हंजे दादांचा नातू," ते म्हणाले. गाड्यावरच्या सगळ्यांना कळलं. त्या वाक्यात आडनाव नव्हतंच. वसंतदादांचा एवढाच उल्लेख पुरेसा होता.

आज मला बोलायचं आहे ते या दोन वाक्यांमधल्या अंतरावर. आपल्या नेत्यांची नावं इंग्रजीत जातात तेव्हा त्यातलं काय जातं आणि काय मागं राहतं, हा माझ्या आयुष्यभराच्या धंद्याचा प्रश्न आहे. मी सातारा जिल्ह्यात वाढलो आणि पुण्यात इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर बातम्या तपासत म्हातारा झालो. आमच्या डेस्कचा पहिला नियम असा, की माणसाचं पूर्ण नाव बातमीत एकदाच येईल. त्यानंतर फक्त आडनाव. नियम साधा आहे, आणि जिथं तो जन्मला तिथं तो चालतोही. तिथं आडनाव हीच माणसाची बाहेरच्या जगातली ओळख, पहिलं नाव घरच्यांसाठी आणि दोस्तांसाठी. आपल्याकडं हे बरोबर उलटं आहे. सातारा-सांगलीत आडनाव ही घराची, भावकीची खूण. माणूस असतो पहिल्या नावात, आणि त्या नावाला लावलेल्या रावात, दादात, बापूत, आबात. आपल्याला नुसत्या आडनावानं हाक मारतात ते शाळेतले मास्तर, पलटणीतले सुभेदार आणि कोर्टाच्या दारातला शिपाई.

या नियमाचा मला सगळ्यात मोठा फटका बसला तो २००८ साली. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर ३० नोव्हेंबरला केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबरला, महाराष्ट्राचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी. राष्ट्रपती होत्या प्रतिभाताई पाटील. आठवडाभरात राज्याचं गृहखातं ज्यांच्याकडं गेलं ते जयंत पाटील. त्या आठवड्यात माझ्यासमोर आलेल्या एका बातमीत पाच परिच्छेदांत हे आडनाव नऊ वेळा होतं. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते, पान सोडायचं होतं आणि बातमी दोन ओळींनी जास्त भरत होती. मी काय केलं असेल? नियमाप्रमाणं आद्याक्षरं काढली, पहिली नावं काढली, दोन ओळी वाचवल्या. सकाळी अंक हातात घेऊन वाचायला बसलो तेव्हा चौथ्या परिच्छेदातले पाटील दिल्लीचे की मुंबईचे, हे मला स्वतःलाच कळेना. व्याकरण बरोबर होतं, नियम बरोबर होता, बातमी मात्र निकामी झाली होती. त्या दिवशी गावाकडच्या मराठी पेपरात हीच बातमी होती. 'आबांचा राजीनामा', म्हणजे आर. आर. पाटलांचा. एवढ्या दोन शब्दांत तासगावपासून आटपाडीपर्यंत सगळ्यांना सगळं समजलं होतं.

त्या आठवड्यातले दोन पाटील आपल्या सांगली जिल्ह्यातले. आर. आर. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे, जयंतराव वाळवा तालुक्यातले, राजारामबापूंचे चिरंजीव. शिवराज पाटील लातूर जिल्ह्यातल्या चाकूरचे. तिकडं लोकांनी यावर आपला तोडगा काढलेला आहे, ते पाटलापुढं गाव लावतात. चाकूरकर, निलंगेकर. म्हणून जून १९८५ मध्ये वसंतदादा पाटलांनंतर शिवाजीराव पाटील मुख्यमंत्री झाले तेव्हा मराठीत काहीच अडलं नाही. दादा गेले, निलंगेकर आले. पाटील जाऊन पाटील आले, असं आपल्याकडं कुणी म्हटलंच नसतं.

आता मुळात पाटील म्हणजे काय, तेही बघू. ते आडनाव नव्हे, तो हुद्दा. गावचा वसूल, गावची शांतता, गावचा पहिला मान ज्याच्याकडं तो पाटील. ब्रिटिश दप्तरात या शब्दाचा 'पटेल' झाला, आणि महसुली पाटलांचं पद ज्या १९६२ च्या कायद्यानं गेलं त्याच्या इंग्रजी नावातही 'पटेल'च आहे. पद गेलं, शब्द आडनाव होऊन राहिला, आणि त्याच्या खालचं मूळ आडनाव कित्येक घरांत पुसट झालं. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे. त्यांचं मूळ आडनाव पिसाळ. किती जणांना हे माहीत आहे? ज्या माणसानं प्रतिसरकार उभं केलं, १९५७ मध्ये साताऱ्यातून जो लोकसभेवर गेला, तो इंग्रजीत दुसऱ्या उल्लेखापासून नुसता 'पाटील' होतो. म्हणजे त्याच्या नावातला जो भाग गावोगावच्या हजारो घरांचा सामाईक आहे तेवढाच उरतो. आपण मात्र त्यांना नाना म्हणतो.

प्रतिसरकारबद्दल बोलतोच आहे तर एक सांगतो. इंग्रजी कागदांत त्याला 'पत्री सरकार' हेच नाव पुष्कळदा दिसतं. गद्दारांच्या पायाला पत्री मारतात ही जी लोकांत बोलवा होती, त्यातून आलेलं ते नाव. 'प्रति' म्हणजे पर्यायी, लोकांनी स्वतः चालवलेलं, आणि 'पत्री' म्हणजे मार. एक अक्षर इकडचं तिकडं झालं आणि राज्यकारभाराचा प्रयोग शिक्षेच्या नावानं ओळखला गेला. नाव कसं लिहिलं जातं याला मी एवढं महत्त्व का देतो, ते यावरून ध्यानात यावं.

पाटलांकडून आता चव्हाणांकडं येतो. यशवंतराव १९१३ साली देवराष्ट्रे इथं, आजोळी जन्मले. तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होतं. पुढं १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं, आणि आज देवराष्ट्रे सांगली जिल्ह्यात आहे. कर्मभूमी कराड, ती साताऱ्यात. म्हणजे यशवंतराव दोन्ही जिल्ह्यांचे, हे इथं मी निर्धास्त म्हणू शकतो.

'चव्हाण' हा शब्द सावकाश म्हणून बघा. पहिला च चहातला नव्हे, चाकातला. मग व आणि ह एकमेकांत मिसळून येणारा व्ह, त्यावर लांब आ, आणि शेवटी जीभ टाळूकडं वळवून येणारा ण. तीन अक्षरांत मराठीचे तीन खास ध्वनी आहेत. इंग्रजीत त्याची सहा रोमन अक्षरं झाली: सी, एच, ए, व्ही, ए, एन. चाकातला च चहातला झाला. व्ह मधला ह गेला. ऱ्हस्व अ आणि दीर्घ आ दोघांनाही तेच एक ए. ण चा न. मी मद्रासच्या सहकाऱ्याला 'चावन' म्हणताना ऐकलं आहे, इंग्रजी शाळेत शिकलेल्या आपल्याच मराठी मुलांना 'चॅवन' म्हणताना ऐकलं आहे. दोघांचाही दोष नाही, समोर लिहिलेलं त्यांनी वाचलं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर चाकातला आणि चहातला च आपली देवनागरीही वेगळा दाखवत नाही. फरक एवढाच, की आपल्याला तो आईनं कानात घातलेला असतो.

उच्चाराचं मी सोडूनही देईन. परक्या लिपीत गेलेल्या नावाला खरचटायचंच. मला जास्त लागतं ते यशवंतरावांमधून यशवंत काढून टाकणं. टी. व्ही. कुन्ही कृष्णन यांनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच नुसतं 'चव्हाण' आहे, 'चव्हाण अँड द ट्रबल्ड डिकेड'. रामभाऊ जोशींनी मराठीत चरित्र लिहिलं, त्याचं नाव 'यशवंतराव : इतिहासाचे एक पान'. माणूस तोच, एकीकडं आडनाव पुस्तकाच्या पाठीवर गेलं आणि एकीकडं पहिलं नाव. दोघांनीही आपापल्या भाषेला जे सहज येतं तेच केलं. लोकसभेच्या इंग्रजी कामकाजात ते 'श्री वाय. बी. चव्हाण'. संरक्षणमंत्री म्हणूनही तेच, गृहमंत्री म्हणूनही तेच. वाय म्हणजे यशवंत, बी म्हणजे बळवंत, त्यांचे वडील. बळवंतराव ते लहान असतानाच गेले. मुलाला आई विठाबाईंनी वाढवलं. त्या बी मधून वडील कुणाला दिसणार?

आणि 'राव'! इंग्रजीत कधी 'यशवंतराव' एकत्र येतं, कधी 'यशवंत राव' असं तोडून. तोडलं की दक्षिणेतल्या वाचकाला वाटतं राव हेच आडनाव, आणि चव्हाण मग पुढं कशाला लावलं? आपल्याला राव म्हणजे आदराचा प्रत्यय. तो नावाला चिकटून येतो, जसं 'जी' येतं. तो वेगळा उभा राहिला की त्याचा अर्थच बदलतो.

मुख्यमंत्र्यांची यादी बघा. यशवंतराव, शंकरराव, अशोकराव, पृथ्वीराज. चार चव्हाण. नोव्हेंबर २०१० मध्ये अशोक चव्हाणांच्या जागी पृथ्वीराज चव्हाण आले. इंग्रजीत शंकररावांना यशवंतरावांपासून वेगळं काढायला एस. बी. आणि वाय. बी. लिहावं लागलं. म्हणजे शेवटी इंग्रजीलाही आडनावावर भागलं नाही. आणि आपण काय केलं? ती अक्षरंच उचलली. साताऱ्यातल्या यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला पोरं 'वाय. सी.' म्हणतात. मुंबईत 'वाय. बी. सेंटर', पिंपरीत 'वायसीएम'. 'वाय. सी.ला ॲडमिशन मिळालं' म्हणणाऱ्या पोराच्या तोंडात यशवंतरावांचं नाव दिवसातून दहा वेळा येतं आणि तरी येत नाही. इंग्रजीनं आडनाव तरी ठेवलं होतं. आपण तेही एका अक्षरावर आणलं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

साताऱ्यातलं याहून जुनं उदाहरण कोरेगाव तालुक्यातलं कण्हेरखेड. शिंद्यांचं मूळ गाव, पाटीलकी त्यांची. राणोजी तिथून निघाले, महादजींनी दिल्लीपर्यंत दरारा बसवला, आणि एवढा मोठा माणूस स्वतःला पाटील म्हणवून घेण्यात धन्यता मानायचा. लोक त्यांना 'पाटीलबावा' म्हणत. इंग्रजांनी मात्र आडनाव पकडलं आणि आपल्या कानानं लिहिलं. त्याची कितीतरी रूपं झाली, शेवटी टिकलं ते 'सिंदिया', सुरुवातीला एस आणि सी, त्यातला सी मुका. हिंदीनं त्याचं 'सिंधिया' केलं आणि घराण्यानंही पुढं तेच स्वीकारलं. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जहाज कंपनी काढली ती 'सिंदिया' नावानंच. त्यामुळं मराठी माणसाच्याही तोंडी एक शिंदे सिंदिया होऊन परत आला.

याचा परिणाम बघा. २०१२ ते २०१४ या काळात केंद्र सरकारात सुशीलकुमार शिंदे गृहमंत्री होते आणि ज्योतिरादित्य शिंदे ऊर्जा खात्याचे राज्यमंत्री. ऊर्जा खातं आधी सुशीलकुमारांकडं होतं. आडनाव एकच, पण इंग्रजी वाचकाला ती दोन वेगळी नावं. पुढं २०२२ मध्ये एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. ते महाबळेश्वर तालुक्यातल्या दरे गावचे. कण्हेरखेड आणि दरे एकाच जिल्ह्यात, तरी इंग्रजीत एकाची सुरुवात एस-एच नं आणि दुसऱ्याची एस-सी नं. पाटलांच्या बाबतीत इंग्रजीनं अनेकांना एक केलं, शिंद्यांच्या बाबतीत एकाचे दोन केले. खुद्द साताऱ्याच्या गादीचं आडनावही तीन प्रकारे दिसतं, भोसले, भोसाले, भोन्स्ले. आणि ज्या कॅप्टन जेम्स ग्रँटनं साताऱ्यात रेसिडेंट म्हणून राहून मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो साताऱ्यात होता तेव्हा नुसता ग्रँटच होता. डफ हे आडनाव त्याला नंतर जोडलं गेलं. म्हणजे आडनाव दगडावरची रेघ आहे असं इंग्रजांकडंही नव्हतं.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते आपल्या लोकांनी इंग्रजी अक्षरं आणि घरातली हाक यांचं जे केलं ते. 'आर. आर. आबा.' या तीन शब्दांकडं जरा थांबून बघा. रावसाहेब रामराव पाटील हे पूर्ण नाव. त्यातलं रावसाहेब आणि रामराव इंग्रजी आद्याक्षरांत गेलं, पाटील गळालं, आणि त्या जागी आबा आलं. कुंडलचे गणपती दादा लाड, प्रतिसरकारच्या तुफान सेनेतले, त्यांना सगळं जग 'जी. डी. बापू' म्हणतं. त्यातला डी म्हणजे दादा, हे त्यांच्या वडिलांचं नाव. रामचंद्र श्रीपती लाड यांना 'कॅप्टन भाऊ'. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली त्यात हे लोक होते. ज्या राज्याशी ते लढले त्याच राज्याच्या फौजेतला 'कॅप्टन' त्यांनी घेतला आणि त्याला भावाच्या नात्यात बसवलं. पत्रकार पी. साईनाथांनी कॅप्टन भाऊंवर इंग्रजीत लिहिलं तेव्हा भाऊ या एका शब्दासाठी त्यांना 'एल्डर ब्रदर' असे दोन शब्द वापरावे लागले. त्यांनी ते वापरले आणि तिथं 'लाड म्हणाले' यावर भागवलं नाही, याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे. 'वसंतदादा' आणि 'राजारामबापू' ही नावं इंग्रजी वृत्तपत्रांना जशीच्या तशी घ्यावी लागली, कारण नुसत्या पाटलानं काम होत नव्हतं. म्हणजे नियम वाकतो. लोकांनी रेटा लावला की वाकतो.

इथं एक आक्षेप येईल आणि तो मला मोलाचा वाटतो. माझ्या डेस्कवरच्या एका तरुण सहकारी मुलीनं तो घेतला होता. ती म्हणाली, "सर, तुम्ही ज्याला दादा म्हणता त्याला प्रश्न कसा विचारणार? नुसतं आडनाव लिहिलं की मंत्री आणि रस्त्यावरचा माणूस एका ओळीत येतात. ती बरोबरी मला हवी आहे." तिचं बरोबर आहे. आबा, दादा, भाऊ, साहेब म्हटलं की आपण आपोआप धाकटे होतो, आणि धाकट्यानं वडीलधाऱ्याला हिशेब मागायचा नसतो, असं आपल्यावर बिंबवलेलं असतं. साखर कारखान्याच्या सभेत, बँकेच्या सभेत हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. सभासद उठतो, 'साहेब' म्हणतो, आणि पुढचा प्रश्न निम्म्यात गिळतो.

म्हणून बातमीत दादा-आबा लिहा, असं मी म्हणत नाही. मी पूर्ण नाव लिहा म्हणतो. मराठीत आदर क्रियापदात आहे. 'विशाल पाटील म्हणाले', 'जयंत पाटील यांनी सांगितलं', यात मान पुरेपूर आहे आणि प्रश्न विचारायला जागाही आहे. इंग्रजीच्या 'सेड'मध्ये तो मान नाही, मग निदान माणूस तरी पूर्ण असू द्या. इंग्रजीचं अनुकरण म्हणून आता मराठी पेपरांतही दुसऱ्या उल्लेखापासून नुसतं 'पाटील' आणि 'चव्हाण' येऊ लागलं आहे. ते तरी आपण थांबवू शकतो. आपल्याला कुणी तसा नियम घालून दिलेला नाही.

वाईत मराठी विश्वकोशाचं काम सुरू झालं तेव्हाही नावं कशी लावायची हा प्रश्न होताच. तिथं आधुनिक माणसाची नोंद आडनावाखाली लागते, 'चव्हाण, यशवंतराव बळवंतराव'. अकारविल्हे शोधायला ते सोयीचं, आणि स्वल्पविरामानंतर अख्खा माणूस वडिलांसकट हजर. राव जोडून, ण शाबूत. एवढी जागा त्यांनी दिली. आम्ही दोन ओळी वाचवायला काढून टाकत होतो.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना गावात कुणीही आडनावानं ओळखत नव्हतं. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांना ते आजही आठवायचं नाही.

उद्या या व्याख्यानाची बातमी इंग्रजीत देणारं कुणी इथं असेल, तर माझी एवढी विनंती आहे. मजकूर कमी करायचा झाला तर माझं बोलणं कमी करा. वसंतदादांचं नाव पाचव्यांदा आलं तरी वसंतदादा पाटील असंच लिहा. यशवंतराव एका शब्दात लिहा. आर. आर. आणि जयंत एकाच परिच्छेदात आले तर दोघांचीही पहिली नावं ठेवा. आणि रात्री साडेअकरा वाजता पुण्यात डेस्कवर बसलेल्या कुणी ती काढली, तर सकाळी त्याला फोन करून विचारा, कुठले पाटील?